जनपदोद्ध्वंसाचे आधुनिक रूप : देशोदेशींचे चिरकारी व्याधी आणि आपले दायित्व

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय पदवीच्या अभ्यासक्रमात आपण सर्वांनीच वाचलेला आहे. पांचाल देशातील कांपिल्य नगरी, गंगेचा काठ, ग्रीष्माचे अखेरचे दिवस आणि शिष्यांसह वनात विहार करणारे भगवान आत्रेय. तेथे अग्निवेश विचारतो की, माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बल, सात्म्य, सत्त्व आणि वयही वेगळे. मग एकाच वेळी, एकाच व्याधीने संपूर्ण जनपद कसे नष्ट होते? आत्रेयांचे उत्तर असे की, प्रकृती वेगळी असली तरी वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात. ते विकृत झाले की माणसामाणसांतील भेद उरत नाही.

परीक्षेत हे चार भाव लिहून आपण गुण मिळविले आणि तो अध्याय प्लेग, पटकी यांच्या कप्प्यात ठेवून दिला. २०२० साली कोविडच्या साथीत तो पुन्हा बाहेर आला, व्याख्याने झाली, आणि पुन्हा कप्प्यात गेला. आमच्या मते अग्निवेशाचा प्रश्न केवळ साथीच्या रोगांपुरता नाही. हृद्रोग, पक्षाघात, मधुमेह, अर्बुद आणि जीर्ण श्वास या चिरकारी व्याधींनाही तो तितकाच लागू आहे. या व्याधी व्यक्तिशः जडतात असे आपण मानतो; पण त्यांनी मृत्यू येण्याची शक्यता एका देशात जेवढी आहे त्याच्या तिप्पट-चौपट दुसऱ्या देशात आहे. एवढे अंतर केवळ प्रकृतिभेदाने पडत नाही. ते कशाने पडते आणि त्यात आपला, म्हणजे वैद्यांचा व औषधी व्यावसायिकांचा, वाटा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मृत्यू मोजावा कसा?

त्याच अध्यायात आत्रेय कालमृत्यू आणि अकालमृत्यू यांतील भेद गाडीच्या आसाच्या दृष्टांताने समजावतात. चांगला आस योग्य भार वाहत वाहत आपल्या काळी झिजतो. तोच आस अतिभाराने, खडतर वाटेने, हाकणाऱ्याच्या दोषाने वा वंगणाअभावी मध्येच मोडतो. पहिला कालमृत्यू, दुसरा अकालमृत्यू.

जागतिक आरोग्य संघटनेने चिरकारी व्याधींसाठी जे माप स्वीकारले आहे ते नेमके या मध्येच मोडणाऱ्या आसाचे माप आहे. तीस वर्षांची शंभर माणसे घ्यावीत. अपघात, क्षय, बाळंतपण अशा अन्य कारणांनी कोणीच दगावणार नाही असे क्षणभर धरावे. आणि सत्तरावा वाढदिवस येण्यापूर्वी हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार, कर्करोग, मधुमेह किंवा जीर्ण श्वसनविकार यांनी त्यांतील किती जातील ते काढावे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये २०१५च्या तुलनेत २०३०पर्यंत हा आकडा एकतृतीयांशाने उतरविण्याचे ठरलेले आहे.

२०१९ सालासाठीचे संघटनेचे अंदाज असे आहेत. दक्षिण कोरियात शंभरांतील सुमारे ७ माणसे सत्तरीपूर्वी या व्याधींनी जातात, जपान आणि स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ८, अमेरिकेत १३ ते १४, चीनमध्ये १६, जगाची सरासरी जवळजवळ १८. भारतात हा आकडा सुमारे २२ आहे, रशियात २४. भारतीय वंशाचे लोक जेथे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत त्या फिजी बेटांवर तो एकतृतीयांशाहूनही अधिक आहे. म्हणजे आपल्या दवाखान्यात बसलेल्या तिशीच्या पाच तरुणांपैकी एकाहून अधिक जणांचा आस मध्येच मोडणार आहे. सोलमध्ये अशा चौदा जणांतील एकाचा.

सप्टेंबर २०२५मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात १८५ देशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात माप थोडे निराळे, म्हणजे जन्मापासून ऐंशी वर्षांपर्यंतचे, घेतले होते. २०१० ते २०१९ या काळात स्त्रियांच्या बाबतीत १५२ देशांत आणि पुरुषांच्या बाबतीत १४७ देशांत हा धोका कमी झाला. पाश्चात्त्य श्रीमंत देशांत डेन्मार्कची प्रगती सर्वाधिक आणि अमेरिकेची सर्वांत कमी आढळली. भारतात मात्र या मापाने धोका स्त्री-पुरुष दोघांतही वाढला आणि तो स्त्रियांत अधिक वाढला. तीस ते सत्तर या मापाने आपली किंचित घट दिसते, ऐंशीपर्यंतच्या मापाने वाढ दिसते. खिडकी बदलली की देखावा थोडा बदलतो. पण आपण मागे आहोत ही गोष्ट दोन्ही खिडक्यांतून दिसते.

दोष थोडे, मृत्यू फार

येथे पुष्कळांचे उत्तर तयार असते : ‘लोकांची जीवनशैली बिघडली, पाश्चात्त्यांचे अनुकरण भोवले.’ आम्हीही अनेक वर्षे व्याख्यानांतून हेच सांगत आलो. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि ते अपुरे असल्याचे दाखविणारा पुरावा वैद्यांनी डोळ्यांआड करू नये.

‘प्युअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बहुराष्ट्रीय अभ्यासात सतरा देशांतील दीड लाखाहून अधिक लोकांचा सुमारे चार वर्षे मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २०१४मध्ये प्रसिद्ध झाले. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, स्थौल्य, आहार अशा हेतूंचा एकत्रित भार सर्वांत जास्त आढळला तो श्रीमंत देशांत. आणि सर्वांत कमी आढळला तो भारत, पाकिस्तान, बांगलादेश व झिंबाब्वे या गरीब गटात. हेतू कमी तर व्याधी कमी, असे आपले तर्कशास्त्र सांगते. प्रत्यक्षात उलटे घडले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदय निकामी होणे अशा मोठ्या घटना श्रीमंत देशांत दरवर्षी हजारी सुमारे ४ होत्या आणि गरीब देशांत ६हून अधिक. त्याहून मोठे अंतर पुढे आहे. अशी घटना घडल्यानंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांत शेकडा साडेसहा होते, तर गरीब देशांत शेकडा सतरा.

याच अभ्यासाचा २०११मध्ये प्रसिद्ध झालेला भाग या कोड्याची एक किल्ली देतो. ज्यांना एकदा हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेला आहे, अशांना पुढचा झटका टाळण्यासाठी काही स्वस्त, जुनी, सिद्ध औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. श्रीमंत देशांत अशा रुग्णांपैकी शंभरांतील सुमारे ११ जणच यांतील एकही औषध घेत नव्हते. गरीब देशांत शंभरांतील ८० जण एकही औषध घेत नव्हते.

आमच्या वाचनात आलेला हा सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा होय. ‘विलायती जीवनशैली’ जेथून आली तेथील माणूस हेतू अधिक असूनही तगतो. कारण त्याचा रक्तदाब कोणीतरी मोजलेला असतो, लिहून ठेवलेला असतो, आणि औषध बंद केले तर विचारणारे कोणीतरी असते. आपला माणूस कमी हेतू असूनही जातो. कारण मधली साखळीच नसते.

मिठाचा इतिहास : जपान

देशाचा व्याधीशी असलेला संबंध आपल्या आचार्यांनी बारकाईने टिपला होता. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण यांचे अतिसेवन टाळावे असे सांगताना चरकाचार्य प्रदेशांची नावे देतात. बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधु, सौवीर येथील लोक लवणाचे अतिसेवन करतात, दुधाबरोबरही मीठ घेतात, आणि त्याचे परिणाम त्यांच्या शरीरांवर दिसतात, हे निरीक्षण तेथे आहे. एखाद्या जनपदाच्या आहारावरून त्याच्या व्याधींचे अनुमान करण्याची ही पद्धती आज साथरोगशास्त्र म्हणून शिकविली जाते.

दीर्घायुष्याचे उदाहरण म्हणून आज ज्या जपानकडे बोट दाखविले जाते, तोच जपान गेल्या शतकाच्या मध्यावर पक्षाघाताचा देश होता. १९५१ ते १९८० अशी तीन दशके तेथे मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात हेच होते. उत्तरेकडील अकिता प्रांतात थंडीसाठी मिठात मुरविलेल्या भाज्या, खारविलेले मासे आणि सोयाबीनचे खारट आंबवण यांवर लोकांची गुजराण होई. १९५०च्या दशकातील मोजणीत तेथील मिठाचे सेवन माणशी दिवसाला २७ ग्रॅमच्या आसपास आढळले. आज जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचविते. आपण सरासरी त्याच्या सुमारे दुप्पट खातो.

जपानने काय केले? गावोगाव रक्तदाब मोजण्याची शिबिरे भरविली, मीठ कमी करण्याची मोहीम चालविली, १९६१मध्ये सर्व नागरिकांना आरोग्य विम्याखाली आणले आणि रक्तदाबाचे औषध खेड्यातल्या माणसाच्या आवाक्यात आणले. घरोघरी शीतकपाट आल्याने खारविण्याची गरजही उरली नाही. १९६५नंतरच्या पाव शतकात वयाचा फरक जमेस धरूनही पक्षाघाताचा मृत्युदर जवळजवळ ८० टक्क्यांनी उतरला. लोकांची प्रकृती तीच होती. देश आणि काल बदलण्यात आले.

याच संदर्भात एका गैरसमजाचा उल्लेख करणे आम्हांस आवश्यक वाटते. सैंधव हे लवणांत श्रेष्ठ आणि पथ्यकर असल्याने रक्तदाबाच्या रुग्णाने ते हवे तेवढे खावे, असा समज रुग्णांत आहे आणि तो आपल्यापैकी काहींनीच पसरविला आहे. सैंधवाचाही मुख्य घटक सोडियम क्लोराइड हाच आहे. शास्त्रकारांनी सैंधव नित्यसेवनीय म्हटले. त्याच्या अतिसेवनाला मुभा दिली नाही.

फिनलंडचे लोणी, रशियाचे मद्य

१९५८मध्ये अन्सेल कीज यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सात देशांच्या अभ्यासात हृदयविकाराचे सर्वाधिक प्रमाण पूर्व फिनलंडमध्ये आढळले. ग्रीसमधील क्रीट बेट आणि जपान येथे ते अत्यल्प होते. उत्तर कारेलिया हा फिनलंडचा लाकूडतोड्यांचा आणि गोपालकांचा प्रांत. दिवसभर अंगमेहनत करणारे हे धट्टेकट्टे पुरुष ऐन चाळिशी-पन्नाशीत हृदयविकाराने कोसळत. भाकरीवर लोण्याचा जाड थर, मलईचे दूध, खारट मांस आणि सिगारेट हा त्यांचा नित्यक्रम होता. केवळ व्यायामाने हृदय वाचते असे सांगणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

१९७१मध्ये तेथील लोकांनीच सरकारकडे अर्ज केला आणि १९७२मध्ये डॉ. पेक्का पुस्का या तरुण वैद्यकाच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. त्यांनी गृहिणींच्या मंडळांना हाताशी धरले. सॉसेज बनविणाऱ्यांना चरबी व मीठ कमी करण्यास राजी केले. गोपालकांना रानफळांच्या लागवडीकडे वळविले. परिचारिकांकरवी रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या. चार दशकांत तेथील कमावत्या वयाच्या पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

उलट दिशेचे उदाहरण रशियाचे. १९८५मध्ये गोर्बाचेव्ह यांच्या मद्यविरोधी मोहिमेनंतर पुरुषांचे सरासरी आयुर्मान वाढले. मोहीम ओसरली, सोव्हिएत संघ विसर्जित झाला, आणि १९९४पर्यंत ते अठ्ठावन्न वर्षांच्याही खाली घसरले. पुढे २००६च्या सुमारास मद्यावरील निर्बंध कडक झाले, अन्य सुधारणाही झाल्या आणि २०१९पर्यंत ते अडुसष्टच्या आसपास आले. एका पिढीच्या अवधीत एवढी उलथापालथ बीजदोषाने होत नाही. जनपदोद्ध्वंसाचे मूळ शोधताना आत्रेयांनी राज्यकर्त्यांच्या अधर्माकडे बोट दाखविले आहे, ते येथे आठवल्यावाचून राहत नाही.

मग प्रकृतीचे काय?

याचा अर्थ प्रकृतीला स्थान नाही, असा मात्र नव्हे. जपानी लोक हवाई बेटांत व पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झाले तेव्हा त्यांच्यातील हृदयविकाराचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढत गेले. रक्त तेच, देश निराळा. पण ब्रिटनमध्ये गेलेल्या भारतीय उपखंडातील लोकांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण तेथील गोऱ्यांहूनही अधिक आढळले. २००४च्या ‘इंटरहार्ट’ या बावन्न देशांच्या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे आधी, त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास येतो असे दिसले. मात्र त्याची कारणे निराळी नव्हती. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मेदाचे बिघडलेले प्रमाण हीच होती. ती आपल्याकडे लवकर येतात एवढेच.

ती लवकर का येतात याचा एक धागा पुण्यात सापडला. के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि अर्भके यांचा अभ्यास चालविला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या कृश बाळांत कमतरता होती ती मांसधातूची. त्वचेखालचा मेद जवळजवळ शाबूत होता. कृश दिसणारे आणि तरीही मेदोयुक्त असे हे मूल पुढे भरपूर अन्न व थोडे श्रम यांच्या संपर्कात आले की प्रमेहाकडे झुकते. गर्भिणी परिचर्या हा चिरकारी व्याधींचा पहिला प्रतिबंध आहे, हे सांगण्यास याहून बळकट आधार तो कोणता?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आणि त्यांच्या उंबरठ्यावर आणखी साडेतेरा कोटी लोक आहेत. प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते आपल्या शेजारच्या गोव्यात, शेकडा २६हून अधिक. १९९०मध्ये देशातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३८ टक्के मृत्यू असंसर्गजन्य व्याधींचे होते, ते २०१६पर्यंत सुमारे ६२ टक्के झाले.

एक नोंद

आकडे पुष्कळ झाले. आता आमच्या दवाखान्यातील एक केसपेपर.

तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकविणारे अठ्ठेचाळीस वर्षांचे एक गुरुजी अम्लपित्तासाठी आमच्याकडे तीन वर्षे येत होते. त्यांच्या कागदावर नाडी, जिव्हा, मल, मूत्र, निद्रा यांच्या नोंदी सुवाच्य अक्षरात आहेत. रक्तदाबाची नोंद एकच, पहिल्या भेटीची : १६०/१००. त्या वेळी आम्ही त्यांना गावातील फिजिशियनकडे पाठविले व त्यांनी एक गोळी सुरू केली. वर्षभराने गुरुजी म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमच्या औषधाने इतकं बरं वाटतंय, ती गोळी आता कशाला?” आम्ही गोळी थांबवा असे म्हटले नाही, थांबवू नका असेही म्हटले नाही. खरे सांगायचे तर ते वाक्य ऐकून आम्हांस थोडे बरे वाटले होते. आम्ही स्मित केले व पुढच्या महिन्याचे औषध बांधून दिले. त्या औषधात यष्टिमधु होते, आणि दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेतलेले यष्टिमधु काही जणांत रक्तदाब वाढविते, हे आम्हांस ठाऊक असायला हवे होते.

आठ महिन्यांनी पहाटे त्यांना पक्षाघात झाला. जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचेतो सात तास गेले. चौथ्या दिवशी ते गेले. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या पत्नी उरलेल्या पुड्या परत द्यायला आल्या. औषध वाया जाऊ नये, दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडावे, एवढाच त्यांचा हेतू. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

गोळी चालू असती तर ते खात्रीने वाचले असते असे कोणीही म्हणणार नाही. पण ज्या शंभरांतील बावीस जणांचा हिशेब आम्ही वर मांडला, त्यांत ते एक आहेत. आणि त्या दिवशी साखळीची जी कडी निखळली ती आमच्या टेबलावर निखळली. म्हणूनच देशादेशांतील अंतराची चर्चा आम्हांस केवळ सरकारच्या खात्यावर टाकता येत नाही.

याप्य व्याधी आणि टेकू

साध्य, याप्य आणि प्रत्याख्येय हे भेद आपल्या शास्त्राचे वैभव आहे. याप्य म्हणजे उपचार चालू आहे तोवर आवरलेला राहणारा आणि उपचार थांबताच उसळणारा व्याधी. सुश्रुताचार्य त्यासाठी पडू पाहणाऱ्या घराला नीट बसविलेल्या टेकूची उपमा देतात. उच्च रक्तदाब आणि बहुतांश मधुमेह यांचे याहून अचूक वर्णन आधुनिक ग्रंथांतही सापडणार नाही. घर पडले नाही म्हणून टेकू काढून घ्यावा, असे कोणी म्हणत नाही. पण रक्तदाब नियंत्रणात आला म्हणून औषध बंद करण्यास मात्र आपण संमती देतो. याप्य व्याधीच्या रुग्णाला ‘समूळ बरे करू’ असे आश्वासन देणे हा स्वतःच्या शास्त्राचा अपलाप आहे.

आपण काय करावे?

वैद्यबंधुभगिनींसाठी आमच्या सूचना अशा :

१) तिशीवरील प्रत्येक रुग्णाचा, तो कोणत्याही तक्रारीसाठी आलेला असो, रक्तदाब मोजावा. पाच मिनिटे स्वस्थ बसवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, दोनदा मोजावा आणि कागदावर लिहावा. रक्तदाब वाढला तरी बहुधा कोणतेही लक्षण दिसत नाही. तो केवळ नाडीवर ओळखण्याचा अट्टहास धरू नये.

२) वारंवार १४०/९० वा अधिक आढळल्यास रुग्णास फिजिशियनकडे पाठवावे, आणि तो गेला की नाही हे पुढच्या भेटीत विचारावे. चालू औषध परस्पर बंद करू नये. कमी करावेसे वाटल्यास संबंधित चिकित्सकाशी बोलून, मोजमाप ठेवून करावे.

३) पन्नाशीच्या आसपासच्या रुग्णाची छातीतील जळजळ वा दडपण, विशेषतः घाम आणि श्रमाशी संबंध असल्यास, अम्लपित्त समजून घरी पाठवू नये. तोंड वाकडे होणे, एका बाजूचे बल जाणे, वाणी अडखळणे यांत पहिले साडेचार तास अमोल असतात. गाठ विरघळविणारे औषध त्याच अवधीत देता येते. कोणत्या रुग्णालयात ही सोय आहे ते आधीच माहीत करून ठेवावे.

४) तंबाखूविषयी प्रत्येकास विचारावे. महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा तंबाखू चघळणारे कित्येक पटींनी अधिक आहेत. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला ते प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. मिश्री, मावा, गुटखा अशी नावे घेऊन विचारावे. जिव्हापरीक्षण आपण करतोच. त्याच वेळी गालाची आतली बाजू पाहिल्यास मुखाचा कर्करोग वेळीच सापडू शकतो.

५) दिनचर्या, ऋतुचर्या, पथ्यापथ्य हे आपले खरे बलस्थान आहे. तासाभराच्या संभाषणात पापड, लोणचे, फरसाण, बेकरीचे पदार्थ यांचा हिशेब आपणच काढू शकतो. रुग्ण मोठ्या डॉक्टरांसमोर दोन मिनिटे बसतो. आपल्यापुढे मन मोकळे करतो. या विश्वासाचा उपयोग टेकू पक्का करण्यासाठी व्हावा.

औषधनिर्माते आणि औषधालय चालविणारे यांच्यासाठी :

१) बहुतेक आसव-अरिष्टे आणि अवलेह यांत गूळ वा साखर असते, लवणभास्करासारख्या चूर्णांत लवणे असतात. देण्यापूर्वी मधुमेह व रक्तदाब आहे का हे विचारावे आणि शक्य तेथे वैद्याच्या सल्ल्याने क्वाथ, चूर्ण, वटी असे पर्याय सुचवावेत.

२) मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग, कर्करोग बरे करण्याची जाहिरात १९५४च्या औषधी व जादूटोणासदृश उपचार जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे. कायदा असो वा नसो, ‘गोळ्यांपासून कायमची मुक्ती’ हे वाक्य वेष्टनावर छापणारा माणूस कोणाचा तरी टेकू काढत असतो.

३) सांधेदुखी व दमा यांसाठी निनावी पुड्यांतून स्टेरॉइड मिसळून विकण्याचा गैरप्रकार चालतो, हे आपणांस ठाऊक आहे. त्याने साखर व रक्तदाब दोन्ही वाढतात. असा माल दुकानात ठेवू नये.

४) दरमहा मधुमेहाचे चूर्ण नेणाऱ्या गिऱ्हाइकास ‘शेवटची तपासणी केव्हा केली?’ एवढा एक प्रश्न विचारावा. काउंटरवर एक रक्तदाबमापक ठेवावा.

उपसंहार

उत्तर कारेलियात परिचारिका, गृहिणी आणि दुकानदार यांनी जे केले, अकिताच्या खेड्यांत आरोग्यसेवकांनी जे केले, त्यात दुर्मिळ औषध वा मोठे यंत्र नव्हते. मोजणे, लिहिणे, पुन्हा बोलावणे आणि खाण्यापिण्यात थोडा पालट करणे, एवढेच होते. फक्त ते सर्वांनी मिळून व वर्षानुवर्षे केले. आपल्या राज्यातही २०१८च्या सुमारास सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात काही जिल्ह्यांतील सरकारी दवाखान्यांनी हीच रीत अवलंबिली. पण चिरकारी व्याधीचा रुग्ण अनेकदा सरकारी दवाखान्याच्या आधी आपल्या दारी येतो. बावीसचा आकडा आठ व्हायचा असेल तर तो आपल्या दारातूनही उतरला पाहिजे.

गुरुजींचा केसपेपर आम्ही फाइलमध्ये परत ठेवला नाही. तो टेबलाच्या काचेखाली आहे. नव्या केसपेपरवर नाडीच्या वरती एक रिकामी चौकट छापून घेतली आहे. ती भरल्यावाचून औषधाची चिठ्ठी लिहायची नाही, असा नियम आम्ही स्वतःस घालून घेतला. पहिल्या तीन महिन्यांत त्या चौकटीने आमच्या जुन्या, ओळखीच्या, ‘ठणठणीत’ रुग्णांतील अकरा जणांचा वाढलेला रक्तदाब आम्हांस दाखविला. ते वर्षानुवर्षे आमच्यासमोर बसत होते. वाचकांनी आपापल्या दवाखान्यात ही चौकट तीन महिने भरून पाहावी आणि काय आढळले ते पुढील अंकासाठी कळवावे, ही नम्र विनंती.

इत्यलम्.